पैठण आणि भडोच: 20 दिवसांच्या वाटेचा हिशेब

प्रश्न पुरातत्त्वाच्या एम.ए.ला शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीचा आहे. वर्गात वाद झाला म्हणून तिनं विचारलंय: सातवाहनकाळात पैठण थोरलं की भडोच? एक गोदावरीकाठी, समुद्रापासून लांब. दुसरं बंदर, गुजरातेतलं आजचं भरूच. पैठणच्या बाजूला परदेशी वस्तू सापडतात, म्हणजे पैठणची श्रीमंती भडोचच्या जिवावर होती असं म्हणायचं का?

माझं उत्तर आधी सांगतो, कारणं मग देतो. तसं म्हणता येणार नाही. पैठणचं हक्काचं बंदर कल्याण होतं, भडोच नव्हे. पैठणचा माल भडोचला गेला तो कल्याणची वाट अडवली गेली म्हणून. पुस्तकांत जे ‘20 दिवसांचं अंतर’ वाचायला मिळतं, त्यात मला पैठणच्या व्यापाऱ्यांची कोंडी दिसते. दख्खनच्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, टेकाडांवरची खापरं बघण्यात माझी तीस वर्षं गेली. जितकी खापरं हाताखालून गेली तितकं हे मत पक्कं होत गेलं.

वादाचं मूळ ‘पेरिप्लस’मध्ये आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ईजिप्तमधल्या एका ग्रीकभाषक व्यापाऱ्यानं लाल समुद्रापासून भारतापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली, ती ही. भडोचला तो ‘बारिगाझा’ म्हणतो, पैठणला ‘पैठाना’ आणि तेरला (आजच्या धाराशिव जिल्ह्यातलं गाव) ‘तगर’. दक्षिणापथाला ‘दखिनबादेस’ म्हणतो आणि लगेच खुलासा करतो की इथले लोक दक्षिणेला ‘दखन’ म्हणतात. हे वाक्य मी कितीदा वाचलं असेल, तरी दरवेळी अंगावर काटा येतो. धक्क्यावर कुणीतरी आपल्या भाषेत हात करून दिशा दाखवली आणि त्या परक्या माणसानं तो शब्द जसा ऐकू आला तसा उतरवून घेतला. पुढे तो सांगतो, की या मुलखात दोन मोठ्या बाजारपेठा आहेत. भडोचपासून दक्षिणेला 20 दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि तिथून पूर्वेला 10 दिवसांवर तेर. पैठणहून अकीकाच्या जातीचे दगड येतात, तेरहून साधं कापड आणि तऱ्हेतऱ्हेचं तलम कापड. हे सगळं गाड्यांवर लादून, धड रस्ते नसलेल्या मुलखातून भडोचला उतरतं.

हा माणूस बंदरात उभा राहून बघतो आहे, हे विसरू नका. त्याला पैठण दिसतं ते ‘भडोचपासून इतकं लांब’ असंच. आपणही त्याचंच पुस्तक हाती धरून पैठणकडे भडोचच्या बाजूनं बघत आलो. पैठणच्या पेठेतल्या एखाद्या कापडव्यापाऱ्यानं वही लिहिली असती, तर तिच्यात भडोच हे लांबचं, बेभरवशाचं आणि खर्चाचं गिऱ्हाईक म्हणून आलं असतं.

आता नकाशा उघडा. गोदावरी त्र्यंबकेश्वरला उगवते आणि पूर्वेला जाते. पैठणहून प्रवाहाबरोबर माल सोडला तर तो आंध्रात बंगालच्या उपसागरावर जाईल, आणि गिऱ्हाईक बसलंय पश्चिमेला! शिवाय पैठणची गोदा ही जड नावा चालवण्याची नदी नव्हे. पावसाळ्यात दुथडी, उन्हाळ्यात जागोजागी पायउतार. आज नाथसागर डोळ्यांसमोर असतो, त्यामुळे तिथं कायम अथांग पाणी होतं असं वाटतं; पण जायकवाडी धरण पुरं झालं ते 1976 मध्ये. म्हणून नदीकाठचं शहर म्हटलं की नदीबंदर डोळ्यांपुढे आणू नका. नदीनं पैठणला दिलं ते वेगळंच. दोन्ही काठांना कापसाची काळी जमीन. सूत आणि कापड धुवायला, रंगवायला पाणी. उत्तरेकडून येणाऱ्या वाटांना दक्षिणेत उतरायला पार करण्याजोगा उतार. आणि पात्रातल्या दगडगोट्यांत बसाल्टच्या पोकळ्यांमधून सुटून आलेला अकीक. म्हणजे नदीनं पैठणला माल दिला, वाट दिली नाही. वाट बैलांनी काढली.

भडोचचं उलट आहे. तेही खरं तर नदीकाठचंच शहर, नर्मदेचं. उघड्या समुद्रापासून बरंच आत. पेरिप्लसवाल्यानं सगळ्यात कळकळीनं काही लिहिलं असेल तर ते या बंदरात शिरण्याबद्दल. खंभातच्या आखाताला भरती-ओहोटीचा जोर भयंकर. तो सांगतो, की अमावस्येच्या सुमाराला पाणी इतक्या झपाट्यानं ओसरतं की तळ उघडा पडतो आणि जहाजं गाळात बसतात. परतणारं पाणी दुरून सैन्याच्या आरोळीसारखं ऐकू येतं, आणि नवख्या खलाशाची खैर नसते. म्हणून राजाच्या चाकरीतले स्थानिक कोळी मोठ्या होड्या घेऊन थेट सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत सामोरे जायचे आणि परकी जहाजं ओढत, भरती साधत, नदीतल्या खोल डोहांतून भडोचला आणायचे. त्या होड्यांची नावंही त्यानं दिली आहेत: त्रप्पग आणि कोटुंब. ‘कोटिया’ हे गलबत आपल्या किनाऱ्यावर आत्ताआत्तापर्यंत होतं. ‘कोटुंब’शी त्याचं नातं अनेक जण जोडतात आणि मला ते पटतं.

भडोचची ताकद कशात होती ते यावरून दिसतं. बंदर म्हणून ती जागा अवघडच होती. तरी ते चाललं, कारण वाटाडे होते, राजाचा बंदोबस्त होता आणि पाठीशी उज्जैनसारखी मोठी पेठ होती. पैठण हे भडोचच्या अनेक पुरवठादारांपैकी एक. पैठणला भडोच हवं असो वा नसो, भडोचला मात्र कुणाचा तरी माल हवाच होता. काही माल जवळपासचा होता, राजपिपळ्याच्या डोंगरातला अकीक त्यातलाच. पण बाकीचं बरंचसं मागून यायचं.

आता 20 दिवसांकडे वळतो. हा आकडा मी बैलाच्या चालीनं तपासला आहे. शेवगाव-पाथर्डीकडच्या जुन्या गाडीवानांना विचारलं, तर लांबच्या पल्ल्याला भरल्या गाडीनं दिवसाला सात-आठ कोस, त्याहून जास्त नाही, असंच सगळे म्हणाले. बैल पाच-सहा तास जुंपायचा, बाकीचा वेळ चारा, पाणी आणि रवंथ. रवंथीला वेळ दिला नाही तर चौथ्या दिवशी बैल बसतो. सात-आठ कोस म्हणजे साधारण 22 किलोमीटर. 20 दिवसांचे झाले 440. पैठण ते भडोच सरळ रेषेत 350 किलोमीटर भरतं, आणि डोंगर, नद्या, वळणं धरली की साडेचारशेच्या घरात जातं. हिशेब चोख बसतो. त्या ग्रीक व्यापाऱ्याला हा आकडा एखाद्या गाडीवानानंच सांगितला असणार.

पण ही वाट पावसाळ्यात बंद. खानदेशच्या काळ्या मातीत भरल्या गाडीचं चाक रुतलं तर आख मोडतो. गाड्या निघायच्या त्या जमीन वाळल्यावर, दसऱ्याच्या पुढे. जहाजांचं वेळापत्रकही वाऱ्यानं बांधलेलं. ईजिप्तमधून जुलैच्या सुमाराला निघायचं, नैर्ऋत्येच्या वाऱ्यावर भारत गाठायचा, आणि हिवाळ्यात ईशान्येचा वारा धरून परतायचं. मधे जे तीन-चार महिने मिळतात त्यांत मालानं धक्क्यावर हजर असायला हवं. दसऱ्याला वेचलेल्या कापसाचं कापड त्याच वर्षी जहाजावर चढणं कठीण. सूत कातायचं, विणायचं, धुवायचं, तोवर जहाजं गेलेली असतात. तेव्हा भडोचला पोचणारं कापड बहुतेक आदल्या वर्षीच्या कापसाचं असणार, असं मी मानतो. म्हणजे कोणाचं तरी भांडवल वर्षभर अडकून पडलंय. विणकराच्या मागावर, व्यापाऱ्याच्या कोठीत, गाडीवर. हे भांडवल घालणारी, वर्षभर थांबू शकणारी माणसं आतल्या शहरांत होती. माझ्या लेखी पैठणचं खरं मोठेपण हे.

याला दगडावरचा पुरावा आहे, नाशिकला, पांडवलेण्यांतल्या 10 क्रमांकाच्या लेण्यात. भडोचवर सत्ता असलेला शक राजा, क्षत्रप नहपान, याचा जावई उषवदात यानं तिथं लिहवून ठेवलंय, की गोवर्धनातल्या विणकरांच्या श्रेणीकडे, म्हणजे संघाकडे, 2,000 कार्षापण (त्या वेळची नाणी) ठेवले, दरमहा शेकडा 1 व्याजानं. आणि दुसऱ्या श्रेणीकडे 1,000, दरमहा शेकडा पाऊण व्याजानं. व्याजातून भिक्षूंना चीवरं, म्हणजे वस्त्रं, आणि इतर खर्च, मुद्दल परत घ्यायचं नाही. वर्षाला 12 आणि 9 टक्के. गोवर्धन म्हणजे नाशिकच. राजाचा जावई कायमची ठेव विणकरांच्या हाती देतो, तेव्हा त्या श्रेणीची पत किती असेल याचा विचार करा. ही पत बंदरातल्या नव्हे, गोदाकाठच्या माणसांची.

याच लेण्यातल्या एका लेखात उषवदात सांगतो, की त्यानं भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक इथं, म्हणजे भडोच, मंदसोर, नाशिक आणि सोपाऱ्याला, निवारे बांधले. आणि इबा, पारदा, दमण, तापी, करबेणा, डाहणुका या नद्यांवर पार करायला फुकट नावा ठेवल्या. गुजरातेतून डहाणूकडे गाडीनं गेलेल्या कुणालाही यातल्या बऱ्याच नद्या ओळखीच्या वाटतील: पार, दमणगंगा, तापी. हा भडोच ते सोपाऱ्याचा किनारी रस्ता आहे. नद्या ओलांडायची सोय करून भडोचचे सत्ताधीश दक्षिणेकडची वाहतूक आपल्या बंदराकडे वळवत होते. मी हा लेख प्रथम वाचला तेव्हा दानधर्म म्हणून वाचला. तो दानधर्म आहेच, पण त्या यादीवरून बोट फिरवलं की राज्याची नाकेबंदीही दिसते.

आणि आता कल्याण. पेरिप्लसमध्येच लिहिलंय, की थोरल्या सारगानसच्या काळात कल्याण हे रीतसर व्यापाराचं बंदर होतं. पुढे सांदानेसच्या हाती गेल्यावर तिथं अडथळे आले, आणि चुकून तिथं लागलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जातात. सारगानस म्हणजे सातकर्णी नावाचा कुणी सातवाहन राजा, हे बहुतेकांना मान्य आहे. सांदानेस कोण, यावर अभ्यासकांत भांडणं आहेत, त्यात मी शिरत नाही. आपल्या प्रश्नापुरतं एवढं पुरे, की कल्याणचा दरवाजा आधी उघडा होता आणि मग कुणीतरी तो बंद केला.

तो दरवाजा उघडा होता तेव्हाची वाट नाणेघाटातून जायची. पैठण, अहिल्यानगरचा मुलूख, जुन्नर, नाणेघाट, कल्याण. सरळ रेषेत 240 किलोमीटरच्या आसपास. बैलाच्या चालीनं बारा-चौदा दिवस. घाट मात्र गाडीचा नाही. तिथं गाड्या सोडून गोण्या बैलांच्या पाठीवर चढवायच्या, बैलामागे सव्वाशे किलोच्या आसपास, आणि सहा-सातशे मीटर खाली कोकणात उतरायचं. मी हा घाट कितीदा उतरलो त्याची मोजदाद ठेवलेली नाही, पण एकदा मुद्दाम पाठीवर 20 किलो घेऊन उतरलो. दगडी पायऱ्यांच्या कडा मधोमध गुळगुळीत झाल्या आहेत. ओझं असलं की पाय आपोआप तिथंच पडतो. घाटमाथ्यावर सातवाहन राणी नागनिका हिचा लेख आहे, सातवाहन राजघराण्याच्या मूर्तींच्या फक्त पायांच्या खुणा उरल्या आहेत, आणि बाहेर तो दगडी रांजण, ज्याला लोक जकातीचा रांजण म्हणतात. पैठणच्या राजघराण्यानं आपली यज्ञांची आणि दानांची यादी कोरायला ही खिंड निवडली, राजधानीतला एखादा देखणा खडक नाही. घराण्याची नजर कुठं होती, ते मला यातच दिसतं.

हा दरवाजा परत उघडायला युद्ध झालं. गौतमीपुत्र सातकर्णीनं नहपानाचा पाडाव केला. नाशिकजवळ जोगळटेंभीला 1906 मध्ये चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, 13,250 च्या घरात. सगळी नहपानाची. त्यातल्या 9,270 च्या आसपास नाण्यांवर गौतमीपुत्रानं आपला ठसा मारलेला. असं नाणं भिंगाखाली तिरप्या उजेडात धरा. वर तीन कमानींची टेकडी आणि उज्जैनचं चिन्ह दिसतं. नाणं जरा फिरवलं की त्या टेकडीखालून नहपानाचं नाक आणि कपाळ वर येतं. चांदी बंदरातून आलेली, चेहरा भडोचच्या सत्तेचा, आणि वरचा ठसा पैठणचा. वर्गात या वादावर एकच वस्तू दाखवायची असेल तर मी हे नाणं दाखवीन. नाशिकच्या 3 क्रमांकाच्या लेण्यात गौतमीपुत्राची आई गौतमी बलश्री आपल्या मुलाला ‘तिसमुदतोयपीतवाहन’ म्हणते, ज्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं तो. आतल्या शहरातल्या राजमातेला मुलाचं कौतुक करायला समुद्र आठवतात.

पैठणच्या बाजूला सापडणाऱ्या परदेशी वस्तूंबद्दल मात्र एक इशारा द्यायचा आहे, कारण माझ्या हातून इथं चूक झालेली आहे. सुरुवातीच्या काळात जाड, दोन कानांच्या घड्याचं वाटेल असं कुठलंही खापर दिसलं की आम्ही ‘रोमन अ‍ॅम्फोरा’ अशी चिठ्ठी लावायचो. मीही लावली. आता तसं करू नका. खापर मोडून ताजी कड बघा. इटलीच्या काम्पानियातल्या अ‍ॅम्फोऱ्याच्या मातीत ज्वालामुखीच्या वाळूचे बारीक काळे, चमकते कण दिसतात, मिरपूड भुरभुरल्यासारखे. आतल्या बाजूला डांबराचा काळा थर असेल आणि घड्याला कान नसतील, तर तो मेसोपोटेमियाकडचा टॉर्पेडो घडा असण्याचा संभव मोठा. म्हणजे ‘रोमन’ म्हणून मोजलेला काही माल इराणी आखातातून आलेला निघतो. दुसरं, रिकामा अ‍ॅम्फोराच दहा-पंधरा किलोचा, वर त्यात 26 लिटर दारू. हे ओझं 20 दिवस गाडीवरून नेणं परवडायचं नाही. मला वाटतं, बरीच दारू बंदरातच कातडी बुधल्यांत ओतली जात असणार. म्हणून नेवासा किंवा तेरला अशी खापरं थोडी सापडली, एवढ्यावरून व्यापार थोडा होता असं ठरवता येत नाही. आणि ती सापडली म्हणून शहर त्यांच्यावर जगत होतं, असंही नाही.

उलट दिशेनं गेलेलं बघा. पाँपेई शहर इसवी सन 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गेलं. तिथं 1938 मध्ये एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. तिच्याशी मिळतीजुळती हस्तिदंती कामं आपल्याकडे तेर आणि भोकरदनला मिळाली आहेत. भोकरदन पैठणच्या उत्तरेला, त्याच वाटांच्या जाळ्यात. बंदराच्या धक्क्यावर या मूर्तीचा मुक्काम काही दिवसांचा असेल. ती घडवायला लागलेला हात इथल्या शहरांतला.

बंदराचं ऋण कुठं मान्य करायचं, तर धातूत. पेरिप्लस भडोचच्या आयातीत तांबं, कथील आणि शिसं सांगतो. रोमन लेखक प्लिनीही म्हणतो, की भारतात शिसं नाही, ते लोक रत्नं आणि मोती देऊन ते घेतात. त्याचं म्हणणं शब्दशः खरं नाही, राजस्थानात शिशाच्या खाणी होत्याच. पण सातवाहनांची रोजच्या वापरातली शिशाची आणि पोटिनची (तांब्याच्या मिश्रधातूची) नाणी बघता, त्यातला बराचसा धातू समुद्रमार्गे आला असावा असं मानायला जागा आहे. तसं असेल तर पैठणच्या बाजारात भाजी घेणाऱ्या बाईच्या हातातलं खुर्दा नाणंसुद्धा बंदराशी बांधलेलं होतं.

पुढचं थोडक्यात. दोन्ही शहरं टिकली, पण वेगवेगळ्या तऱ्हेनं. भडोच हाती असणं म्हणजे जकात हाती असणं, त्यामुळे ते सतत हातबदल होत राहिलं. 1772 मध्ये इंग्रजांनी घेतलं, 1783 मध्ये महादजी शिंद्यांकडे आलं, 1803 मध्ये परत गेलं. गुजरातीत म्हण आहे, ‘भांग्युं भांग्युं तोय भरूच’. मोडलं तरी भडोच ते भडोचच. पैठणचं राज्य गेलं, पण माग राहिला आणि विद्या राहिली. पैठणी आजही त्याच गावाच्या नावानं ओळखली जाते, आणि सोळाव्या शतकात एकनाथ महाराज झाले ते याच घाटावर.

तेव्हा वर्गात ‘थोरलं कुठलं’ असं न विचारता ‘वाट कोणाच्या हातात होती’ असं विचारा, वाद मार्गी लागेल. अभ्यासाला म्हणून दोन जागा सुचवतो. एक पितळखोरा, पैठणहून खानदेशात उतरणाऱ्या वाटेवर. तिथल्या खांबांवर पैठणच्या मितदेवाचं नाव आहे, गंधिक कुळातला, म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापारी. हा लेख पेरिप्लसच्या शंभराहून अधिक वर्षं आधीचा. म्हणजे भडोचच्या धक्क्यावरच्या ग्रीक माणसानं पैठणचं नाव लिहून घेण्याच्या कितीतरी आधी पैठणचा व्यापारी या वाटेवर खांब दान करण्याइतका सधन होता. दुसरी जागा तेर, तिथलं रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहातून उभं राहिलेलं संग्रहालय. मणी, शंखाच्या बांगड्या, मृण्मूर्ती यांसाठी दोन दिवस द्या.

पैठणला जाल तेव्हा ‘पालथी नगरी’ म्हणतात त्या भागात पावसाळ्यानंतर फिरा. मातीतून मणी आणि शिशाची नाणी वर आलेली असतात. मुलं ती वेचून विकायला आणतात. कळवळून सांगतो, विकत घेऊ नका. जागेवरून उचललेला मणी पैठणला घडला की राजपिपळ्याकडून आला, हे सांगायला त्याच्या शेजारी पडलेला गारेचा तुकडा, अर्धवट भोक पाडलेला, फुटलेला मणी, तासताना उडालेल्या कपच्या लागतात. त्या मुलाच्या खिशात फक्त चांगला मणी असतो. कपच्या तिथंच राहिलेल्या असतात, आणि त्या मण्याचं गाव त्या कपच्यांपाशीच राहिलेलं असतं.